लग्नाच्या फोटोतली सावली

आमच्या दुकानात त्यांना सगळे सावलीमास्तर म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढली. माझं काम कटिंगचं. फोटोतल्या वस्तूच्या कडेकडेने बारीक रेघ मारत जायचं आणि तिला मागच्या पसाऱ्यातून सोडवून घ्यायचं. मी सोडवलेली वस्तू मास्तरांकडे जायची आणि ते तिला सावली द्यायचे. खुर्च्या, पातेली, इस्त्र्या, चपला, पाण्याचे पंप, कारखान्यांच्या कॅटलॉगमध्ये जे जे म्हणून छापायचं असतं ते सगळं आमच्या दोघांच्या हाताखालून गेलं.

सावली हवीच कशाला, असं पुष्कळ जण विचारायचे. मास्तर त्यांना आधी बिनसावलीची खुर्ची दाखवत. पांढऱ्या कागदावर ती अधांतरी लोंबकळत असायची. मग सावलीवाली दाखवत. ती चारही पाय टेकून उभी. "आता बसा हिच्यावर," म्हणायचे. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, सावली जरा जास्त घाला ना." मास्तर म्हणाले, "मीठ आहे का ते? उजेड जेवढी देतो तेवढीच मिळेल." गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. मालकांनी कपाळाला हात लावला, पण मास्तरांना बोलायची त्यांची छाती नव्हती.

मी कामाला लागले तेव्हा आमचा स्कॅनर कपाटाएवढा होता. काचेच्या गोल ड्रमवर फोटो चिकटवायचा, ड्रम गरगर फिरायचा, आणि दिव्याचा ठिपका तो फोटो ओळीओळीने वाचत जायचा. वाचलेल्या उजेड-अंधाराचा विजेचा सिग्नल व्हायचा आणि शेजारच्या लोखंडी पेटीत जायचा. त्या पेटीवर मास्तरांचं राज्य. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "सोपं आहे, ताई. आलेल्या सिग्नलातून वस्तूची फक्त बाहेरची आकृती काढून घ्यायची. तिला थोडा वेळ अडवून धरायचं आणि उशिरा सोडायचं, म्हणजे ती मूळ जागेवरून सरकून पडते. मग तिच्या कडा पुसट करायच्या आणि तेवढ्या भागातला जमिनीचा उजेड कमी करायचा. झाली सावली. त्याच वस्तूचा उशिरा पोचलेला निरोप, दुसरं काय?"

पुढे पेटी भंगारात गेली, कॉम्प्युटर आले, आणि हेच काम एका बटणावर व्हायला लागलं. गावभरच्या सगळ्या दुकानांतून एकाच साच्याच्या सावल्या बाहेर पडू लागल्या. मास्तर ते बटण दाबत नसत. त्यांचं म्हणणं, सावली काळी नसतेच मुळी. तिच्यातून जमीन दिसली पाहिजे. पायाशी ती गडद आणि रेखीव, लांब जाईल तशी फिकट आणि पसरट. एका इस्त्रीच्या सावलीला ते अर्धा दिवस लावत आणि मी त्यांच्या नावाने बोटं मोडत बसे, कारण त्यांचं झाल्याशिवाय माझ्या कटिंगवर कुणी सही करत नसे.

रस्त्याने चालतानाही त्यांची नजर खाली. लोक माणसांकडे बघतात, हे माणसांच्या पायाशी बघायचे. दोनदा दिव्याच्या खांबाला धडकले. त्यांची बायको, आमच्या वहिनी, मला एकदा म्हणाल्या होत्या, "पहिल्यांदा भेटलो ना, तेव्हा यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या मागच्या भिंतीकडे बघत बसले. मला वाटलं, आंधळा आहे की काय!" मास्तर तिथेच बसले होते. म्हणाले, "भिंतीवर जी होती ती गप्प होती. म्हणून तर हो म्हटलं." वहिनी इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा सांडला. तेव्हा त्यांची धाकटी लेक होती.

त्यांना दोन मुलं. थोरला आणि धाकटी. थोरला अबोल, वडिलांवर गेलेला. धाकटी म्हणजे चालतीबोलती वटवट. कॉलेज सुटलं की दुकानात यायची, माझ्याच खुर्चीत बसायची आणि मलाच म्हणायची, "मावशी, तुम्ही उभ्या का? बसा ना." माझा तिच्यावर फार जीव होता. मला स्वतःचं मूलबाळ नाही, हे इथे सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

बावीस वर्षांची असताना आठ दिवसांच्या तापात ती गेली. मास्तर तेराव्या-चौदाव्या दिवशी कामावर आले आणि पहिलं काय केलं असेल, तर माझ्या खुर्चीची जागा बदलली. खिडकीपाशी नेली. रडताना मी त्यांना तेव्हाही पाहिलं नाही आणि नंतरही नाही. धाकटीचं नाव त्यांनी दुकानात पुन्हा काढलं नाही.

आता एक नियम सांगायला हवा. कॅटलॉगशिवाय आमच्याकडे घरगुती कामंही येत. जुने फाटके फोटो दुरुस्त करायचे, आणि दुसरं म्हणजे गेलेलं माणूस घरच्या ताज्या फोटोत आणून उभं करायचं. कुणाचा नवरा, कुणाचे वडील. मी त्यांना जुन्या फोटोतून कापून घ्यायची, मास्तर नव्यात बसवायचे. रंग जुळवायचे, उजेड जुळवायचे, पायाखाली टेकण म्हणून जेमतेम एक गडद रेघ द्यायचे. पण सावली द्यायचे नाहीत. हा नियम त्यांचाच. म्हणायचे, "चित्र भिंतीवर साठ-सत्तर वर्षं राहतं, ताई. सांगणारे तेवढे राहत नाहीत. नीट बघणाऱ्याला कधीतरी कळायला हवं की हा माणूस त्या दिवशी इथे नव्हता." गिऱ्हाइकांच्या ते लक्षातही येत नसे. डोळे पुसत पुसत घेऊन जात बिचारे.

धाकटी गेल्यावर दोन वर्षांनी थोरल्याचं लग्न झालं. समारंभ साधा, घरच्यांपुरता. हॉलच्या दगडी पायऱ्यांवर सगळ्यांचा एक फोटो काढला. मीही होते, मागच्या ओळीत, डोळे मिटलेली. महिन्याने मास्तरांनी तो फोटो माझ्या टेबलावर ठेवला आणि शेजारी धाकटीचा एक ठेवला. कॉलेजच्या कसल्याशा कार्यक्रमातला, निळ्या कपड्यांतला, पायापर्यंत पूर्ण. "तुमच्या वहिनीला हवंय," एवढंच म्हणाले.

मी तिला कापायला घेतलं. केसांचं कटिंग फार किचकट असतं, एकेक बट वेगळी काढावी लागते. दोन दिवस लागले. तिच्या कानाच्या पाळीपाशी आल्यावर मला दिसेनासंच झालं आणि मी उठून नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

धाकटीच्या फोटोत उजेड डावीकडून होता, लग्नाच्या फोटोत उजवीकडून. कुणीही सरळ तिला आरशासारखं उलटवून टाकलं असतं, दोन सेकंदांचं काम. मास्तर म्हणाले, "भांग दुसरीकडे जाईल. आईला कळेल." म्हणून त्यांनी तिच्या चेहऱ्यावरचा उजेड तेवढा पुसून दुसऱ्या गालावर आणला. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं नव्याने. मग तिला दुसऱ्या पायरीवर, नव्या सुनेच्या शेजारी उभं केलं. नियमाप्रमाणे सावली नाही. छापून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी ते फोटो परत घेऊन आले. म्हणाले, "तुमची वहिनी म्हणते, ही अशी परकी का दिसते सगळ्यांत? कुणी बोलावलंच नसल्यासारखी उभी आहे."

वहिनींना सावलीबिवलीचं काही माहीत नव्हतं. पण आईचे डोळे, दुसरं काय. मास्तरांनी तो फोटो टेबलावर ठेवला. तेव्हा मी बोलले. माझी जीभ आधीपासून लांब. म्हटलं, "मास्तर, नियम केलात तुम्ही, मोडा पण तुम्हीच. कॅटलॉगातल्या पातेल्याला सावली देता आणि पोटच्या पोरीला नाही?"

हे मी बोलले. पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती, याचा हिशेब मी अनेकदा करून पाहिला. दर वेळी तो या वाक्यापाशी येऊन थांबतो.

त्यांनी तीन दिवस त्या सावलीवर घालवले. पायऱ्यांवर पडणारी सावली सरळ नसते. प्रत्येक पायरीच्या कडेला ती मोडते, उभ्या दगडावर चढते, पुन्हा आडवी होते. शिवाय थोडी सुनेच्या कपड्यांच्या काठावर पडायला हवी होती, तीही घडीघडीने वाकडी. मास्तरांनी ती केली. आयुष्यात केलेली त्यांची सगळ्यात उत्तम सावली ती. मी नाक अगदी पडद्याला लावून पाहिलं, मला खोट सापडली नाही. धाकटी त्या दिवशी त्या पायरीवर होती. बस.

वहिनींनी फोटो पाहिला आणि त्यावरून नुसता हात फिरवला. त्यांच्या बैठकीत, दारातून आल्याबरोबर दिसेल असा तो लागला.

चारेक वर्षं काही झालं नाही. मग एकदा मी त्यांच्याकडे गेले असताना वहिनी सहज म्हणाल्या, "लग्नात धाकटीचे पाय किती दुखत होते गं. तरी उभी राहिली फोटोसाठी." मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी जमिनीकडे. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात झालं असेल. पण पुढच्या वेळी निळ्या कपड्यांना इस्त्री कुणी केली तेही निघालं, आणि सुनेशी ती काय कुजबुजली तेही. वहिनी खोटं बोलत नव्हत्या. रोज उठून फोटो बघायचा, आणि फोटोत होती म्हणजे लग्नात होती. लग्नात होती म्हणजे तिच्याबद्दल काहीतरी आठवायला हवं. तसं ते आठवत गेलं.

मग डॉक्टरांनी नाव दिलं. विसरण्याचा आजार. हळूहळू वाढणार, मागे फिरणार नाही. गॅस चालू राहू लागला, किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडू लागल्या. मास्तर अर्ध्या दिवसावर आले. सकाळी शेजारची एक बाई वहिनींजवळ बसायची, दुपारनंतर हे. आणि त्या आजाराने सगळ्यात आधी काय पुसलं असेल, तर धाकटीचं जाणं. ताप, दवाखाना, ते आठ दिवस, सगळं गेलं. राहिला तो फोटो. आणि मग वहिनींनी अगदी सरळ हिशोब केला. मुलगी लग्नाला आली होती. त्यानंतर एकदाही आली नाही. म्हणजे काहीतरी बिनसलं. भावाशी तिचं पटायचं, आईशी तर भांडण नाहीच. मग राहिलं कोण?

"तुम्ही काय बोललात तिला?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

एकदा विचारलं, दहादा विचारलं. मास्तर आधी गप्प बसले. मग एके दिवशी लग्नानंतर वेगळा राहायला गेलेला थोरला आला होता, त्याने धीर करून आईला खरं सांगितलं. मास्तर मला म्हणाले, "ताई, ती तेव्हा ओरडली ना, तशी पहिल्या वेळेलाही ओरडली नव्हती." संध्याकाळपर्यंत बातमी विसरली गेली. पण रडण्याचा थकवा राहिला, आणि नवऱ्याने काहीतरी वाईट केलंय ही भावना राहिली. थोरल्याने पुन्हा हिंमत केली नाही.

वहिनी मास्तरांशी बोलेनाशा झाल्या. त्यांच्या हातचं खाईनात. शेजारच्या बाईच्या हातून सकाळी चार घास, दुपारनंतर काही नाही. मास्तर ताट घेऊन समोर बसत आणि त्या भिंतीकडे तोंड करत. चाळीस वर्षांचा संसार, एका घरात दोघंच, आणि एकमेकांत शब्द नाही. वहिनी वाळत चालल्या. आपली बायको आपल्याला मुलीचा वैरी समजून मरणार, एवढाच घोर मास्तरांना लागून राहिला होता. बाकी कशाची भीती त्यांना उरली नव्हती.

त्यांना एकच उपाय सुचला, आणि तो कामातलाच होता. मला म्हणाले, "मूळ फोटो शोध. धाकटी नसलेला." पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं, त्यावरून काय ते मी ओळखलं. मी जुन्या डिस्क उपसल्या, फोटो काढला, छापला. पायरीवर सून, तिच्या शेजारी रिकामा दगड, त्याच्यावर लख्ख ऊन. मास्तरांनी दुपारी वहिनी झोपल्यावर भिंतीवरचा फोटो बदलला.

वहिनी उठल्या, बाहेर आल्या. बराच वेळ फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग कित्येक आठवड्यांनी त्या नवऱ्याशी बोलल्या.

"फोटोतूनसुद्धा काढलंत तिला?"

दुसऱ्या दिवशी हे मास्तरांनी मला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. जुना फोटो त्यांनी त्याच संध्याकाळी परत लावला होता, पण वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मास्तर म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांना म्हणायचो, खरं दिसलं पाहिजे. दिसलं." आणि मग इस्त्रीची एक सावली करायला घेतली. करवेना. बटणाने करून टाकली. मी तोंड फिरवलं.

त्यानंतरच्या मंगळवारी, तीनच्या सुमाराला, माझा फोन वाजला. मास्तरांचा होता.

"बाळा, मी बोलतोय. बाबा."

मला वाटलं, यांचंही डोकं फिरलं. पण मागून वहिनींचा आवाज आला, "उचलला का तिने?" आणि माझ्या लक्षात आलं. वहिनींनी हट्टच धरला होता, आत्ताच्या आत्ता तिला फोन लावा, माझ्यासमोर लावा. आणि माणसाने लावायचा कुणाला? त्यांना पाठ असलेला नंबर एकच, दुकानातल्या शेजारणीचा.

"चुकलं माझं," मास्तर म्हणत होते. "मी तुला तसं बोलायला नको होतं. रागावू नकोस." ते कुठल्या भांडणाची माफी मागत होते? त्यांनी त्या पोरीला आयुष्यात मोठ्याने हाक मारली नव्हती. पण बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला आणि नंतर नुसता श्वास ऐकू येत राहिला. आठ वर्षं जे अडवून धरलं होतं ते त्या दिवशी सुटलं. मी फोन कानाला घट्ट धरून बसले. समोर एका पाण्याच्या पंपाचं अर्धं कटिंग पडलं होतं.

मग वहिनींनी फोन घेतला. "अगं ए, बोल की."

मी काय करायला हवं होतं? कुणी शहाण्याने सांगावं. मी म्हटलं, "बोल, आई."

"आवाज बसलाय तुझा."

"सर्दी झालीये."

"गरम पाणी पी. आणि ऐक, बाबांवर राग धरू नकोस. त्यांना बोलायचं कळत नाही, पण मनात काही नसतं गं त्यांच्या."

"नाही धरला, आई."

"मग येशील ना?"

कटिंगवाली बाई मी. कुठे काय संपतं आणि कुठे काय सुरू होतं, ते बघायचं माझं काम. ते मला त्या दिवशी जमलं नाही. मी म्हटलं, "येते. काम संपलं की येते."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांखाली सूज होती. "जेवली काल," म्हणाले. "माझ्या हातून. सगळं ताट संपवलं." मी म्हटलं, चला, सुटलो. ते म्हणाले, "मग दारात खुर्ची टाकून बसली. सात वाजेपर्यंत. मग कशासाठी बसलोय ते विसरली आणि आत आली." थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "ताई, पुन्हा लावला तर उचलशील?"

मी उचलत गेले. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. दुकानातले लोक हसत, ताईंना हल्ली कोण 'आई' भेटलीये म्हणून. मालकांना मी सांगून टाकलं होतं, त्यामुळे त्यांनी फोनच्या वेळी मला मागची खोली दिली. मी धाकटी झाले. सर्दीचं कारण संपल्यावर आवाज बदलल्याचं वहिनींनी कधी काढलं नाही. त्या विचारत, मी सांगे. नोकरी लागली, खोली छान आहे, शेजारीण चांगली आहे. जी पोर बावीसच्या पुढे गेलीच नाही, तिला मी हळूहळू तीस वर्षांची केली. खोटं बोलताना मला लाज वाटायची, आणि फोन नाही आला तर दिवस ओकाबोका जायचा. दोन्ही खरं आहे. वहिनी मास्तरांच्या हातून खात होत्या, त्यांच्याशी बोलत होत्या, कधीमधी भांडतही होत्या. मास्तर म्हणायचे, "काल मला म्हणाली, वरण खारट केलंत." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

असे सात महिने गेले. मग एका दुपारी फोन आला. मास्तरांनी नेहमीप्रमाणे चार वाक्यं बोलून वहिनींना दिला. मी म्हटलं, "बोल, आई."

मागे कुणीतरी दाराची बेल वाजवली, मास्तरांची पावलं लांब गेली. मग वहिनी अगदी हळू, पण पूर्वीच्या, चहा सांडेपर्यंत हसणाऱ्या बाईच्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तू ताई ना? दुकानातली?"

मी मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"लवकर सांग, ते दाराशी गेलेत. तू ताईच ना?"

"हो, वहिनी."

"धाकटी गेली ना गं आपली?"

मी डोळे मिटले. "हो, वहिनी. गेली. खूप वर्षं झाली."

त्या ओरडल्या नाहीत. रडल्याही नाहीत. एवढंच ऐकू आलं की त्यांनी एक लांब श्वास घेतला. मी म्हटलं, "वहिनी, मला माफ करा. मी तुम्हाला—"

"अगं, ते जाऊ दे," त्या घाईघाईने म्हणाल्या. "तू एक कर. त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटतं ती आहे. दोन-दोन दिवसांनी फोन लावतात बिचारे, माफी मागतात तिची. त्यांना कळलं तर सहन व्हायचं नाही. तू अशीच बोलत राहा त्यांच्याशी. बोलशील ना?"

"बोलेन, वहिनी."

"आले ते. गप्प आता."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मास्तर धापा टाकत होते, दारावरून घाईने आले असावेत. वहिनी शेजारीच बसून ऐकतायत हे मास्तरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय मग बाळा, जेवलीस का?"

मी म्हटलं, "हो बाबा, जेवले."